जाड आवाजाचा वायू

माझ्या धाकट्या दिराचा आवाज इतका बारीक होता की फोनवर पलीकडची माणसं त्याला हमखास ताई म्हणायची. कारखान्यात त्याचं नाव पिपाणी पडलं होतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत होता आणि सगळे त्याचा आवाज फुटायची वाट बघत होते. मिशा आल्या, उंची वाढली, खांदे दाराच्या चौकटीला घासायला लागले, आवाज काही फुटला नाही. त्या पहिलवानी देहातून तो चिवचिवाट आला की नवीन माणूस मागे वळून बघायचा, आणखी कोण आहे म्हणून. सगळ्यात आधी हसायचा तो पिपाणीच. त्याला आतून वाईट वाटत असेल का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला होतो. वीजकेंद्रांतले ब्रेकर आमच्याकडे दुरुस्तीला येतात. ब्रेकर म्हणजे शेवटी घरातल्या दिव्याचं बटणच, फक्त माणसापेक्षा उंच आणि अख्ख्या शहराची वीज एका झटक्यात तोडणारं. तोडताना आत मोठी ठिणगी पडते आणि ती विझवायला त्यात एक वायू कोंडलेला असतो. पिपाणी आणि त्याची टोळी ब्रेकर खोलायची, मी वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्यातला वायू तपासायचे.

त्या वायूचं मला फार कौतुक होतं. गंधकाचा एक अणू आणि त्याच्याभोवती फ्लोरिनचे सहा. फ्लोरिन एरवी महाभांडखोर, समोर येईल त्याच्या अंगावर धावून जाणारा. पण सहा जण गंधकाला असे घट्ट घेरून बसतात की भांडायला कुणी उरतच नाही. पाणी घाला, आम्ल घाला, या वायूला काही फरक पडत नाही. रंग नाही, वास नाही, जळत नाही. हवेच्या पाचपट जड. आणि जड असल्यामुळेच, तो छातीत भरून घेऊन बोललं की आवाज एकदम जाड येतो, हौदात तोंड घालून बोलल्यासारखा.

ही गंमत आमच्या टोळीला कुणी शिकवली देव जाणे. पण कुणी निवृत्त झालं की निरोपाच्या कार्यक्रमात ती व्हायचीच. पिपाणी फुग्यात वायू भरायचा, एक श्वास ओढायचा आणि त्या जाड आवाजात निवृत्त होणाऱ्याची नक्कल करायचा. एरवी चिवचिवणारा तो माणूस त्या मिनिटभरात असा काही गरजायचा की म्हातारे कामगारसुद्धा पोट धरून हसायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चांगलंच झापलं होतं सगळ्यांना. फुप्फुसात वायू भरला की प्राणवायूला जागा उरत नाही, चक्कर येऊन पडाल म्हणाले. मग ते शहाण्या मुलांसारखे विचारायला आले की वहिनी, कसं केलं तर चालेल? कारखान्यात सगळेच मला वहिनी म्हणायचे, दिराच्या नात्याने. मी सांगितलं, नवीन सिलिंडरमधलाच वायू, उभं राहून, दार उघडं ठेवून, एकच श्वास. त्यांनी ते कसोशीने पाळलं. आमची माणसं बेफिकीर होती असं कुणी म्हणू नये, म्हणून हे सांगते.

नवीन सिलिंडरमधलाच, याला कारण होतं. ब्रेकरमध्ये ठिणग्या पडून पडून हा वायू मोडतो. मोडलेले तुकडे बहुतेक पुन्हा जुळतात, पण काही भलतीकडेच जातात. त्यांतले बरेचसे कुजक्या अंड्यासारखे घाण वास मारतात, नाक चुरचुरतं, माणूस आपणच लांब पळतो. वास येणाऱ्या विषाचं मला कधी फार भय वाटलं नाही. भय वाटायचं ते दुसऱ्या एकाचं. एकेक फ्लोरिन गमावलेले दोन तुकडे एकमेकांना चिकटतात आणि एक वेगळंच संयुग तयार होतं, दोन गंधक आणि दहा फ्लोरिनचं. त्याला जवळपास वास नाही. नाकात काही नाही, घशात काही नाही, खोकलासुद्धा येत नाही. छातीत जातं आणि गप्प बसतं. काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं.

म्हणून जुन्या ब्रेकरमधून ओढून काढलेला वायू ज्या सिलिंडरमध्ये भरायचा, त्याच्या मानेला लाल फडकं बांधायची आमच्याकडे पद्धत होती. लेबलं तेलकट हातांनी निघून जायची, खडूची खूण पुसली जायची. फडकं टिकायचं. ही पद्धत मोठ्या मिस्त्रींनी घालून दिलेली. फडकं असेल तर हात लावायचा नाही, नसेल तर सिलिंडर चांगला, इतकं सोपं. इतकं सोपं, की कुणी दुसऱ्यांदा विचारच करायचं नाही.

आणि त्या दिवशी मोठे मिस्त्रीच निवृत्त होत होते.

सकाळपासून खाली गडबड होती. शेड झाडली, ब्रेकर एका बाजूला सारले, सिलिंडर भिंतीला लावून ठेवले, खुर्च्या मांडल्या. मला खाली जायला उशीर झाला, कारण माझ्या यंत्रावर एक नमुना लागला होता. आदल्या दिवशी एका ब्रेकरमधून ओढलेला वायू. तो ब्रेकर म्हणे महिनोन्‌महिने आतल्या आत बारीक ठिणग्या टाकत होता. वायू फिल्टरमधून काढला होता, त्यामुळे घाण वासाचे सगळे तुकडे फिल्टरने गिळले होते. कागदावरची रेघ त्या जागी सपाट होती. पण पुढे एक टोक वर आलं. मी ते दुसऱ्यांदा लावून पाहिलं. टोक पुन्हा आलं, तिथेच, तेवढंच उंच. ज्यांचा वास येतो ते सगळे फिल्टरने अडवले होते आणि ज्याचा येत नाही तो सरळ चालत बाहेर आला होता.

त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. सिलिंडरला फडकं होतं. कार्यक्रमानंतर मिस्त्रींच्या कानावर घालायचं आणि तो सिलिंडर नष्ट करायला पाठवायचा, एवढं मनात धरून मी खाली उतरले. जिन्यातच हसण्याचा दणका ऐकू आला.

पिपाणी खुर्चीवर उभा होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पँट छातीपर्यंत ओढलेली, डिट्टो मिस्त्री. हातात फुगा. "माझा पाना कुठंय?" तो त्या भसाड्या आवाजात गरजला. "माझा पाना कुणी नेला? सगळ्यांचे पगार कापतो! अरे... हा काय, माझ्याच हातात आहे." मिस्त्री नवा शर्ट घालून समोर बसले होते आणि हसून हसून डोळे पुसत होते. मीही हसले. अगदी मनापासून हसले. आवाज परत बारीक व्हायला लागला तसा लोकांनी गलका केला, आणखी एकदा, आणखी एकदा, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. परवानगी मागत होता. मी नको म्हणून बोट हलवलं. त्याने कान पकडले आणि तरी एक श्वास घेतलाच.

मी रिकामी खुर्ची बघून बसले. खुर्चीच्या पाठीवर काहीतरी ओलसर होतं. मी हातात घेतलं. लाल फडकं.

मी भिंतीकडे पाहिलं. दोन सिलिंडर. एकाच्या तोंडावर वायूच्या कंपनीतून आलेलं प्लास्टिकचं टोपण अजून तसंच, सील न तोडलेलं. दुसरा उघडा, त्याला नळी लावलेली. दोघांच्याही माना बोडक्या.

"हे फडकं कुणी काढलं?" मी ओरडले. माझा आवाज त्या हसण्यात बुडाला. मी पुन्हा ओरडले तेव्हा शेड गप्प झाली.

"मी काढलं," पिपाणी म्हणाला. आवाज अजून अर्धा जाड होता. "खुर्च्यांवर धूळ किती होती वहिनी. मिस्त्री नवा शर्ट घालून येणार म्हटलं. पुसून परत बांधणार होतो, मग केक आला आणि..." तो थांबला. त्याने सिलिंडरकडे पाहिलं. सकाळी फडकं त्यानेच सोडलं होतं आणि दोन तासांनी, मानेला फडकं नाही म्हणजे चांगला, असं म्हणून नळीही त्यानेच लावली होती. जन्मभराची सवय. माझ्या हातूनही तेच झालं असतं.

"पण वास नव्हता!" तो म्हणाला. "वहिनी, आईशप्पथ, जराही वास नव्हता."

"माहीत आहे," मी म्हणाले.

मी सगळी दारं उघडायला लावली, सगळ्यांना बाहेर काढलं. पिपाणी आपल्या पायांनी भरभर चालत निघाला तसा मी त्याचा दंड धरला. धावू नकोस, जिने चढू नकोस, जड उचलू नकोस. फुप्फुसाला जेवढे कष्ट कमी तेवढं बरं, एवढंच मला ठाऊक होतं. मिस्त्रींनी कंपनीची गाडी काढली. वाटेत मागच्या सीटवर उलट पिपाणीच मला धीर देत होता. "अगं, काही होत नाहीये मला. भूक लागलीय, एवढंच. केक राहिला."

रुग्णालयातली डॉक्टरबाई तरुण होती आणि प्रामाणिक होती. प्रामाणिक नसती तर एक वेळ बरं झालं असतं. तिने छाती तपासली, बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला, एक्स-रे काढला. सगळं ठीक. मग तिने मला बाजूला घेऊन संयुगाचं नाव विचारलं, मी सांगितलं, तिने ते दोनदा लिहून घेतलं. विषबाधेच्या माहिती केंद्राला फोन लावला, बराच वेळ हं हं केलं आणि ठेवला.

"काय म्हणाले?"

"लक्ष ठेवा म्हणाले. प्राणवायू द्या, हलू देऊ नका." ती थोडी घुटमळली. "मॅडम, तुम्ही यातल्या आहात. याच्यावर काही उतारा असतो का? तुमच्या पुस्तकात?"

मी नाही म्हणाले. प्रयोगशाळेत त्याला मारणं काही कठीण नसतं, हे मात्र मी तिला सांगून टाकलं, कुणाला तरी सांगायलाच हवं होतं म्हणून. बंद भांड्यात दीडशे अंशांच्या वर तापवलं की तो मोडतो. त्यातला एक तुकडा तोच आपला निरुपद्रवी वायू, दुसरा क्षाराच्या पाण्यात बुडबुडा होऊन संपतो. असे कितीतरी नमुने मी चहा पिता पिता संपवले आहेत. तीच गोष्ट आता पलीकडच्या पलंगावर, पांढऱ्या चादरीखाली, माणसाच्या छातीत होती आणि मला तिथे हात घालता येत नव्हता.

माझा नवरा आला तो धापा टाकतच. भावाला उशीला टेकून बसलेला बघून आधी त्याच्या जिवात जीव आला. मी त्याला कोपऱ्यात नेऊन खरं सांगितलं.

"मग कर ना काहीतरी," तो म्हणाला. "केमिस्ट आहेस ना तू?"

"करण्यासारखं काही नाही."

"असं कसं नाही? रोज तेच तर करतेस! वीस वर्षं तेच करतेस!"

मला संताप आला. त्याचा नाही, पण समोर तोच होता, म्हणून त्याच्यावर निघाला. मी म्हणाले की मी फक्त सांगू शकते, हा वायू चांगला की वाईट, आणि ते मी सांगितलंय, आणखी काय हवंय? तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आईला काय सांगू?" मी म्हणाले, सांग की तपासणीसाठी ठेवलंय. दुसरं काय सांगणार होतो? अजून काही झालंच नव्हतं. सगळ्यात छळ त्याचाच होता. माणूस लालबुंद, हसरा, डब्याची वाट बघणारा, आणि आम्ही त्याच्या नाकाकडे टक लावून बसलेलो.

दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. त्यांनी दारातूनच लेकाला पाहिलं आणि हातातली पिशवी खाली टेकली. "हा तर ठणठणीत आहे! मला वाटलं काय झालं आणि काय नाही. तुझ्या वहिनीला सवयच आहे बाई, शिंक आली तरी डॉक्टर." पिपाणीने मला डोळा मारला. मी त्याला मारायला हात उगारल्यासारखं केलं. त्याने सकाळची नक्कल आईला करून दाखवली, वायू नसल्यामुळे बारीक आवाजातच, आणि सासूबाई हसता हसता म्हणाल्या, मिस्त्री काय असे चिवचिवतात होय रे? मी "पुरे, बोलू नकोस," म्हणाले. नर्सही म्हणाली. त्याने तोंडावर बोट ठेवलं.

मिस्त्री बाहेर बाकावर बसून होते. मी चहा नेऊन दिला तर कपाकडे बघत म्हणाले, "फडकं मीच चालू केलं होतं. साखळी लावायला पाहिजे होती. साखळीने कुणी खुर्ची पुसत नाही." साखळीनेही काहीतरी झालंच असतं, असं म्हणावंसं वाटत होतं, पण ते खोटं होतं.

दुसरा एक्स-रेही साफ आला तेव्हा मला पहिल्यांदा आशा वाटली. म्हटलं, टोक उंच होतं, पण सिलिंडरभर वायूत ते किती? फुग्यात किती आलं असेल? दोन श्वासांत किती? मी मनात हिशेब मांडायला लागले आणि प्रत्येक वेळी हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे बदलत राहिले. असा हिशेब माझ्या हाताखालच्या मुलीने केला असता तर मी तिला घरी पाठवलं असतं.

ऊन उतरायला लागलं आणि तो खोकला. साधा, कोरडा. सासूबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो पाणी प्यायला, पुन्हा खोकला, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरबाई समोर उभी असून माझ्याकडे. बोटावरच्या यंत्रातला आकडा एकने उतरला होता. मग आणखी एकने.

"वहिनी," तो म्हणाला, "तू त्यांना सांगत होतीस ते मी ऐकलं. तापवल्यावर मोडतो ना तो?"

"हो."

"मग मला सणसणून ताप येऊ दे." तो हसायला गेला आणि मध्येच श्वास संपला. "किती पाहिजे?"

"दीडशे," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं. "गप्प पड रे."

त्यानंतर सगळं भराभर झालं. तोंडावर मास्क आला, तो पुरेना म्हणून मोठा आला. माझा नवरा औषधं आणायला खाली धावला. एक्स-रेमध्ये छातीच्या दोन्ही बाजू ढगाळ झाल्या होत्या. त्याच्या घशातून पाणी उकळल्यासारखा आवाज यायला लागला, ओठांचा रंग बदलला, आणि खांद्यांचे ते एवढाले स्नायू फक्त हवा ओढण्यासाठी वर-खाली व्हायला लागले. इतकं बळ आणि सगळं श्वासाला कमी पडत होतं. डॉक्टरबाईने आम्हाला सांगितलं की घशात नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल, त्यासाठी झोपेचं इंजेक्शन देणार. नंतर बोलता येणार नाही. काही बोलायचं असेल तर आत्ता. शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून म्हणाली, हळू आवाजात, सासूबाईंना ऐकू जाणार नाही असं.

पिपाणीने ऐकलं असावं. त्याने मास्क एका हाताने जरा वर केला. "आई," तो म्हणाला. "आई, मला..."

"नको रे राजा, आत्ता बोलू नकोस," सासूबाई त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या. "दम लागतोय तुला. बरं वाटलं की मग सांग सगळं. आई कुठे पळून जातेय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. सकाळी खुर्चीवर उभा असताना पाहिलं होतं तसंच, परवानगी मागत. बोलू का, की आई म्हणतेय ते खरं? मला माहीत होतं. त्या खोलीत मला आणि डॉक्टरबाईला माहीत होतं, बाकी कुणाला नाही. बोल, असं म्हटलं असतं तर सासूबाईंना तिथल्या तिथे कळलं असतं की ‘मग’ असं काही नसणार आहे. त्यालाही कळलं असतं. माझ्या तोंडून तो शब्द निघेना.

"आईंचं ऐक," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, मास्क खाली घेतला आणि तोंड मिटलं. नर्सने पडदा ओढला.

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, डब्याचं झाकण नीट बसलंय का ते चाचपलं आणि मला विचारलं, "काय सांगायचं असेल गं त्याला?"

"माहीत नाही, आई."

"असू दे," त्या म्हणाल्या. "उद्या विचारू."

"हो," मी म्हणाले.